कमलच्या गुडघ्याचा केसपेपर

सोमवार, जानेवारी १९९८. दिवेलागण.

आज नातीला, कमलला, मोठ्या दवाखान्यात नेलं. सून मळ्यात झेंडू तोडत होती. डॉक्टरीणबाईंनी कमलचा वाकडा गुडघा चाचपला आणि विचारलं, "आजी, जन्मापासून असा, की नंतर वाकला?" माझ्या तोंडून निघून गेलं, "जन्मापासूनच." बाईंनी केसपेपरवर लिहिलं, जन्मजात.

खोटं. पोरगी तीन वर्षांची असताना ओट्यावरून पडली. सून म्हणाली, दवाखान्यात नेऊ. मीच तिच्यावर खेकसले आणि हाड बसवणाऱ्याकडून फळ्या बांधून आणल्या. हाड वाकडंच जुळलं. तेव्हा का नाही आणलं, असं बाई विचारतील म्हणून लाज वाटली. एवढ्यासाठी खोटं बोलले? या वयात?

सून दहावी शिकलेली. आल्या आल्या केसपेपर वाचला. जन्मजात. परत वाचला.

"आत्याबाई, माझ्या पोटातून ही सरळ आली होती."

"कागदाला काय कळतंय!"

"इलाज त्या कागदावरून ठरणार आहे. उद्या माझ्याबरोबर चला आणि तुमच्या तोंडानं खरं सांगा."

मी म्हटलं, "मला नाय जमायचं. माझे गुडघे दुखतात."

तेही खोटंच. माझे गुडघे अजून धड आहेत.