न वाळणारा कोट

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग आणि जरासा तेलकट नमस्कार. (कागदावरचे डाग रडण्याचे समजू नकोस, जवसाच्या तेलाचे आहेत.) तुझी कंबर आता कशी आहे? दाजींचा खोकला? इकडे आम्ही तिघं, म्हणजे आई, मी आणि कोट, बरे आहोत.

कोट बाबांच्या हातचा, शेवटचा. जन्मभर त्यांनी कापडाला तेल पाजून मेणकापडाचे पावसाळी कोट केले, हा दूधवाल्याने सांगितलेला. शिवून झाला, तेलाचे दोन हातही देऊन झाले, आणि तिसऱ्याच्या आधीच ते गेले. म्हटलं, एक हात द्यायला काय अक्कल लागते? लागते. बाबा तेल लावून पुसून घ्यायचे, बोट टेकवून चिकटत नाही ना बघायचे. मी सढळपणे ओतलं. माडीवर टांगला, तर माश्या चिकटल्या. खिडकीत टांगला, तर शेजारणीचा पडदा चिकटला (तो सोडवताना तिने माझ्या शिक्षणाचा उद्धार केला). वाळला का पाहायला अंगात घालून बसलो, तर उठताना खुर्चीही माझ्याबरोबर उठली. आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसली, म्हणून मी पुन्हा बसलो.

महिना उलटला तरी कोट ओला तो ओलाच. दूधवाला बिचारा भिजत येतो, शिंकतो, कोटाकडे बघतो आणि माझ्याकडे बघायचं टाळतो. काल दुपारी कचेरीतून लवकर घरी आलो, तर आई स्टुलावर चढलेली, हातात बाबांचं फडकं, आणि कोटाला ताजं तेल लावणं चाललेलं. रोजच लावत असणार. मला पाहून थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "वाळला की वास जातो रे. त्यांच्या अंगाला हाच वास यायचा."

ताई, मला रडू आवरेना. स्टूल डगमगत होतं, ते धरून उभा राहिलो.

पण व्यवहार तो व्यवहार. येत्या आठवड्यात कोट वाळवून दूधवाल्याच्या हवाली करतो. आईला सांगू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. दूधवाल्याला माझा रेनकोट देऊन टाकला. जरा आखूड होतो, पण शिंका थांबल्या.

आणखी एक. डब्यातलं तेल संपत आलंय. बाबा ज्या घाण्यावरून आणायचे तो तुझ्याच बाजूला आहे. एक डबा पाठव. मोठा पाठव. आज आईचे गुडघे धरले होते, म्हणून आजचा हात मीच दिला.