शेवटच्या रांगेतलं विमान

२ फेब्रुवारी, रविवार

आलो एकदाचे. सामान उतरवणाऱ्या दोघांनी कपाट जिन्यात असं काही अडकवलं की ही खाली आणि मी वर, अशी आमची ताटातूट झाली. शेवटी मीच कपाटाची दारं बिजागरीतून काढली आणि वाट मोकळी केली. हिनं शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, की यांनी जन्मभर विमानं उघडली नि मिटली, कपाटाचं काय घेऊन बसलात. शेजारीण हसली. झाली ओळख.

घर झकास आहे. खोल्या दोनच, पण ओट्यासमोर खिडकी असल्यामुळे ही खूश. बाहेरच्या खोलीतून लांबवर धावपट्टीचं टोक दिसतं. तिथं आता विमानं उतरत नाहीत. हवाई दलानं निकालात काढलेली विमानं ट्रकवर घालून आणतात आणि तोडतात. तोडण्याआधी आतलं घातक ते सगळं काढून घ्यायचं, म्हणजे बॅटऱ्या, उरलंसुरलं तेल, संकटात पायलटला खुर्चीसकट बाहेर उडवणारी, खुर्चीखालची स्फोटक दारूची नळकांडी. हे माझं काम. लेक फोनवर म्हणाली, बाबा, निवृत्त झालात ना, आता स्वस्थ घरी बसा. मी म्हटलं, घरी बसलो तर तुझी आई मलाच भंगारात काढेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

आवार अफाट आहे. विमानं रांगेनं उभी. कुणाला पंख नाहीत, कुणाला नाक नाही. मॅनेजर तरुण आणि बोलायला मऊ, पण विमानाला सरसकट 'माल' म्हणतो. गॅसकटर चालवणारा माझ्या वयाचा. त्याला सगळे मामा म्हणतात, त्यामुळे मॅनेजर त्याचा भाचा आणि मीही. त्यानं विचारलं, तुम्ही जन्मभर ज्यांची सेवा केलीत त्यांचे मी तुकडे करतो, राग नाही ना येत? मी म्हटलं, येतो. मग दोघांनी मिळून डबा खाल्ला.

दुपारी एका पंखाच्या सावलीत बसलो होतो. केरोसिनचा वास आला आणि मधली सगळी वर्षं पुसली गेली. उन्हानं तापलेला पत्रा, पान्याचा चटका, कानात भरून राहिलेली इंजिनाची शिट्टी. पायलट शिडीनं वर चढायचा, त्याच्यामागून मी. त्याचे खांद्यावरचे पट्टे आवळायचे, खुर्ची चुकून उडू नये म्हणून घातलेल्या लाल फितीवाल्या पिना काढून त्याला दाखवायच्या, खाली यायचं, शिडी बाजूला घ्यायची. इंजिन सुरू झालं की माणसाचा आवाज संपला. पुढचं सगळं हातांनी. त्यानं बोट गोल फिरवलं की इंजिन चालू करतोय. अंगठा वर, म्हणजे सगळं ठीक. दोन्ही अंगठे बाहेरच्या बाजूला, म्हणजे चाकांपुढचे ठोकळे काढ. त्यानं खूण करायची, आपण तीच खूण परत द्यायची आणि काम करायचं. डोक्याला कळायच्या आधी हात हुकूम पाळायचे. ही घरात मीठ द्या म्हणाली तरी मी अंगठा दाखवायचो. हिच्या तक्रारींत ती एक अजून आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

हे शांतपणे लिहायला हवं.

शेवटच्या रांगेत दोन खुर्च्यांचं एक विमान आहे. नंबर खरवडलेला. बॅटरी काढायला गेलो तर त्याचं पोट ओलं. पाऊस नाही, दव केव्हाच सुकलेलं. पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं. खारट.

मग डाव्या पंखाच्या मुळाशी पत्र्याचं ठिगळ दिसलं. रिव्हेटची ओळ टोकाला किंचित वर चढलेली. ते ठिगळ मी मारलेलं आहे. घाईत होतो, वारा होता, ओळ चढली, आणि पुढे कित्येक महिने सगळे मला त्यावरून चिडवत होते.

हे विमान इथं असूच शकत नाही. ते समुद्रात गेलं.

पुढच्या खुर्चीत बुटके साहेब होते, मागची रिकामी. उंचीला कमी, म्हणून आम्ही आमच्यात ठेवलेलं नाव. त्यांना कळलं तेव्हा फोनवर स्वतःच 'बुटका बोलतोय' म्हणायला लागले. असा माणूस. आमच्या क्वार्टरवर येऊन जेवायचे, हिला वहिनी म्हणायचे. त्या सकाळी त्यांचे पट्टे मी आवळले. विमान चांगलं होतं. चौकशी झाली, विमानात दोष सापडला नाही, माझ्यातही नाही. शोधणारी जहाजं हात हलवत परत आली. पाण्यावर तेलाचा तवंगसुद्धा नव्हता.

त्यांची आई आली होती. शेवटचं मी पाहिलं, असं कुणीतरी तिला सांगितलेलं. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, जेवून गेला होता का? हो म्हणालो. खरंच जेवून गेले होते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मॅनेजरला सांगितलं. त्यानं कागद काढून दाखवले. हा माल भलत्याच तळावरून आलाय, इंजिन केव्हाच काढलंय, आणि ठिगळं काय, सगळ्याच मालाला असतात. मलाही पटलं. पटवून घेतलं.

मामाला मात्र पटलं नाही. त्यानं मला बाजूला घेतलं. दोनदा ते विमान कापायला घेतलं, म्हणाला, दोन्ही वेळा जवळ नेताच ज्योत विझली. नळी बदलली, सिलिंडर बदललं. दुसऱ्या वेळी पत्र्याला कान लावला.

"आत कुणीतरी आहे," मामा म्हणाला. "मी लोखंड कापतो. माणूस नाही कापणार."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मामा आला नाही. बहिणीकडे गेलाय म्हणे. हत्यारं इथंच टाकून.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

त्या विमानाची खुर्च्यांवरची काच बंद आहे, आतून धुकं धरलेलं. मी मुद्दाम लांबून चाललो होतो. धुक्यातला एक पट्टा पुसला गेला. आतून. हातमोज्यानं.

मग बोट गोल फिरलं.

माझा हात वर गेला आणि बोट गोल फिरवून उत्तर दिलं. मी नाही वर केला. तो गेला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ही घाबरली आहे. जेवताना माझा अंगठा वर होतो, वरच राहतो. दोन्ही हातांनी धरून खाली आणावा लागतो. डॉक्टरनं शिरा तपासल्या, गोळ्या दिल्या, वयाचं कारण सांगितलं. हसावं की रडावं कळेना.

हिला सगळं सांगितलं नाही. नखांत ग्रीस कुठून येतं तेही नाही. आवारातली दुपार मला आठवत नाही. डबा उघडल्याचं आठवतं, आणि मग एकदम घरचा जिना. मधे हात कुठंतरी काम करत असतात.

विमानाची चाकं बसलेली होती. आज टणक आहेत. उघडी झाकणं बंद आहेत, स्क्रू नीट पिळलेले. माझ्याच पद्धतीनं, शेवटचा पाव आटा हळूच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हिनं ठरवलं. शनिवारी निघायचं, लेकीकडे. नोकरी गेली खड्ड्यात, म्हणाली. मी बॅगा काढून दिल्या.

पण साहेब आत बसलेत. इतकी वर्षं पट्ट्यांत आवळलेले. खाली उतरायला शिडी कुणी लावायची? ती लावणं माझं काम होतं. शिडी घेऊन मी उभा होतो त्या दिवशी, संध्याकाळ होईपर्यंत. कुणीतरी येऊन माझ्या हातातून काढून घेतली. आता हे असंच टाकून गेलो तर लेकीच्या घरीही हे हात—

उद्या काच उघडतो. मग जातो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उघडली. आत कुणी नाही.

पुढची खुर्ची रिकामी. पट्टे मात्र बंद, घट्ट आवळलेले, जणू छातीवरच. खुर्चीत पाणी साठलेलं. मी शिडीवर उभ्या उभ्या रडलो. जिवात जीव आला. सुटले, वाटलं. तेही आणि मीही.

भर दुपारी घरी आलो. हिनं हसून दार उघडलं.

"तुमचे बुटके साहेब आलेत," ही म्हणाली. "किती वर्षांनी! चहा ठेवलाय."

दारापासून आतपर्यंत फरशीवर ओले ठसे. लहान पावलांचे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बॅगा भरलेल्या आहेत. ही निघत नाही. पाहुणा घरात असताना कसं निघायचं, म्हणते.

ते खुर्चीत बसलेत. पाठ माझ्याकडे. बोलत नाहीत. चहा तसाच, कप मात्र काठोकाठ भरत जातो आणि बशीत सांडतो. ही पुसते.

हिला विचारलं, तुला आठवत नाही का काय झालं होतं? तू स्वतः रडली होतीस. हिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

लेकीला फोन केला. म्हणाली, बाबा, काय बोलताय, काका माझ्या लग्नात होते की. फोटोत आहेत.

सगळ्यांच्या डोक्यातून काढून टाकलंय. माझ्याच डोक्यात उरलंय. ते मेलेच नाहीत तर ती बाई कोण होती? माझे हात कुणी धरले होते? जेवून गेला होता का, हे कोण—

२३ फेब्रुवारी, रविवार

ते हिला खुणा शिकवतायत. हिला येतात आता. हसते. बिचारे दमलेत, म्हणते, त्यांना घरी जायचंय, एकटं जायचं नाही. मागची जागा रिकामी आहे म्हणाले. कधी म्हणाले? बोलत तर नाहीत.

मी म्हटलं, मी जातो. मला न्या. समोर जाऊन म्हटलं, हात जोडले. जोडलेले हात सुटले आणि अंगठा वर झाला. त्यांनी मान हलवली. नाही. ठोकळे काढायला खालचं माणूस खालीच लागतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना बाही धरून ओढलं. बाहीत हात नाही, पाणी. माझ्या पायांवर सांडलं. थंड.

आतल्या खोलीला बाहेरून कडी घातली, कुलूप घातलं, ही आत. किल्ली गटारात टाकली. माझ्याच हातांनी पान्यानं बिजागऱ्या काढल्या. बघत होतो मी. थांबवता—

शेजारीण म्हणते, वहिनी पाहुण्यांबरोबर फिरायला गेल्या, छान दिसत होत्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भर दुपार. आवारात. चाकापुढच्या ठोकळ्यावर बसून लिहितोय.

ही मागच्या खुर्चीत आहे. काच बंद. हिचे पट्टे मी आवळले. आठवत नाही, पण आवळणं माझं आहे. पिना माझ्या खिशात. परत घालायला वर चढलो तर हातांनी शिडीच ढकलून दिली.

मॅनेजरला ओढत आणलं. त्याला रिकामं विमान दिसतं. लेकीला फोन करायला गेलाय. येईल. कुणीतरी येईल.

इंजिन नाही त्यात. शिट्टी येतेय. पत्रा थरथरतोय.

लिहितोय तोवर उजवा हात माझा आहे. डावा वहीवर दाबलाय. थांबलो की गेलं. काहीही लिहायचं. हिला चहात साखर कमी लागते. हिला उंचीची भीती वाटते, गच्चीत कपडे वाळत घालताना कठड्याकडे जात नाही. लग्नात हिनं मला विचारलं होतं, विमानाखाली उभं राहायला भीती नाही का वाटत? हिच्या डाव्या भुवईत एक—

चाक पाठीला लागलंय.

डावा सुटला. ठोकळ्याची दोरी धरलीय त्यानं.

वर बघायचं नाही. न बघता लिहायचं. खूण दिसली नाही तर—

ही काचेवर थापा मारतेय. आठवलं हिला. आत्ता आठवलं. ऐकू येत नाही, ओठ दिसतायत, अहो नको, अहो—

बघितलं मी वर. हिच्यासाठी बघितलं. पुढे त्यांनी दोन्ही अंगठे बाहेर

नाही, लिहितोय, अजून लिहितोय, मी लिहि