वाळूच्या भांडणाचे वीस फॉर्म

पुणे, ५ जानेवारी २००३

ती. पोपटमामांस हर्षदाचा सा. न. वि. वि.

विद्यापीठात मला संशोधनाला विषय मिळाला: गावच्या निवडणुका, नदीतली वाळू आणि त्यावरून होणाऱ्या मारामाऱ्या. सरांना सांगितलं, माझे मामाच भीमाकाठचे माजी सरपंच आहेत. मागच्या निवडणुकीत तुमचे विरोधक साहेबराव यांचा हात कसा मोडला, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सोबत वीस फॉर्म आहेत. खरं तेच लिहून घ्या, नावं कुठंही छापणार नाही. मामींना नमस्कार. लोभ आहेच, फॉर्म आल्यावर वाढेल.

आपली भाची,
हर्षदा

खडकवस्ती, ता. दौंड, १४ जानेवारी

चि. हर्षदास मामाचे अनेक आशीर्वाद.

धा फॉर्म मी सोता पारावर बसून भरून घेतले. समद्यांनी लिवलंय, गावात कवा भांडान झालं न्हाई. साहेबराव म्हनला, हात जांभळीवरनं पडून मोडला. गावात जांभळ न्हाई, पन मी तसंच लिवून घेतलं. ट्रॅक्टरचा पान्हा मीच हानला व्हता. हे सरांना सांगू नगं. औंदा साहेबराव आन् मी मिळून वाळूचा लिलाव घेनार हाय, तवा जुनं कशाला उकरायचं? सरपंच त्याची भावजय साखरबाई हाय, पन शिक्का त्याच्याच खिशात असतो. उरलेले धा फॉर्म तुझ्या मामीनं नेले. बायकांना काय ठावं, म्हनून मी बी सोडून दिलं. केडगावला उतरलीस की निरोप धाड, न्यायला येतो.

तुझा मामा,
पोपटराव

खडकवस्ती, २९ जानेवारी

चि. हर्षदा हिला धुरपदामामीचे पोटभर आशीर्वाद.

बायकांचे दहा फॉर्म पाठवते. कुणी कुणाला कशानं मारलं, समदं हाय त्यात. जागा पुरली न्हाई म्हणून वहीची पानं जोडलीत.

एका सवालापाशी मात्र सगळ्याच अडल्या: नदीचं कोण ठरवतं? वाळू उपसल्यापासून आमच्या विहिरींनी तळ दावलाय. साखरबाई म्हणाली, मी सरपंच, आन् मलाच कुणी इचारलं न्हाई. दुसऱ्या दिवशी तिनं दिराकडनं शिक्का मागून घेतला.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला आम्ही तिच्यासकट नव्व्याण्णव जणी गेलो. वाळू उचलायची न्हाई, असा ठराव मांडला. तसा साहेबराव उठला, त्याच्यामागं सगळे बाप्ये उठले. शंभराला एक जरी कमी पडलं तरी सभा मोडते, हे त्यांना पक्कं ठाऊक. ग्रामसेवक वही मिटायला लागला.

तुझे मामा एकटेच बसून राहिले. साहेबरावानं दारातनं दोनदा हाक मारली. मी नुसतं त्यांच्याकडं बघत व्हते. ते खाली मान घालून सतरंजीचा दोरा उसवत बसले.

ठराव झाला, तहसीलदाराकडं गेला. साहेबराव आता आमच्या दारावरनं जात न्हाई. मामा सगळ्यांना सांगत्यात, पायाला मुंग्या आल्या म्हणून उठता आलं न्हाई. पण ग्रामसेवकानं शंभरावी सही मागितली, तवा त्यांचा हात चांगला चालला.

मामीवरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
धुरपदामामी