'अ' कुठे गेला?

२ सप्टेंबर

वाव साहेबांनी मजकूर पुन्हा परत पाठवला. शेरा एकच — "यात वाव कुठंय?"

आमच्या जाहिरात खात्याचे हे मुख्य. खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण ऑफिसात कुणी घेत नाही. प्रत्येक गोष्टीत त्यांना "वाव!" हवं असतं. समोरच्याचं तोंड उघडलं पाहिजे आणि पाकीटही.

नवा फोन याच महिन्यात. दरवर्षी एक फोन येतो आणि दरवर्षी मी त्याच्यासाठी विशेषण शोधतो, लग्नाच्या मुलीला स्थळ शोधावं तसं. आधी "अद्वितीय" झालं. मग "क्रांतिकारी". गेल्या वर्षी काहीच सुचेना म्हणून पुन्हा "अद्वितीय"! अद्वितीय म्हणजे ज्याला दुसरा नाही. आमच्याकडे दोन झाले. कुणी हूं की चूं केलं नाही.

ताईंना विचारलं, यंदा काय लिहू? ताई शेजारच्या टेबलावर. मी लिहायचं, त्यांनी तपासायचं, एवढाच आमचा मजकूर विभाग. मान वर न करता म्हणाल्या, "लिहायला वावच नाही रे. म्हणून तर तो मागतोय."

४ सप्टेंबर

नवा फोन पाहायला मिळाला. माझ्या चालू फोनशेजारी ठेवून बराच वेळ न्याहाळला. फरक सापडला! कॅमेरा डावीकडे होता, तो उजवीकडे गेलाय.

वाव साहेब म्हणाले, "अरे, पाहण्याची दिशाच बदलली!" मी तेच लिहून टाकलं. आधी लाज वाटली, मग ओळ आवडली. हे जास्त वाईट.

७ सप्टेंबर

घरी उलटा कारभार. हिचा फोन इतका जुना की कानाला लावला तर काही ऐकू येत नाही. फक्त स्पीकरवर बोलतो. म्हणजे हिचं सगळं खासगी बोलणं घरभर. आज सासूबाई — "जावईबापूंच्या कानावर घालू नकोस हं, पण त्यांचं पोट फार सुटलंय."

मी समोरच बसलो होतो. पोट धरून.

म्हटलं, कर्मचाऱ्यांना सवलत असते, या वेळी तरी नवा घे. ही म्हणाली, "लागतो ना? बोलता येतं ना? मग?" या "मग"ला उत्तर लिहायचा मला पगार मिळतो आणि घरात मला एक शब्द सुचत नाही.

९ सप्टेंबर

कुजबूज खरी निघाली. फोन बाजारात आला की मजकूर विभागात एकच माणूस ठेवणार. ताई की मी?

ताईंनी मला हाताला धरून शिकवलंय. मी आलो तेव्हा "सर्वात उत्कृष्टतम" असलं काहीतरी लिहायचो. आणि तरी दिवसभर मनात हेच — त्यांच्या नोकरीचं तसंही थोडंच राहिलंय. माझ्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत. असं सगळं सोयीचं सुचतं मला.

१३ सप्टेंबर

सापडला! "अभूतपूर्व". पूर्वी कधीही न झालेला. वाव साहेब खुर्चीतून उठले. "वाव!" ताई नुसत्या हसल्या. "दर वर्षी अभूतपूर्व म्हणायची पद्धत पडली की मला सांग," म्हणाल्या.

जेवायला ताई आणि फोन बनवणाऱ्या विभागातला तो घाबरट इंजिनियर नेहमीप्रमाणे एका टेबलावर. तो काहीतरी पुटपुटत होता, ताई ऐकत होत्या. मी गेल्यावर हवापाण्यावर आले.

१६ सप्टेंबर

फलक रंगवणाऱ्याचा निरोप — ओळ फलकात मावत नाही, छोटी करून लगेच पाठवा. मी लिफ्टमध्ये. तिथेच उभ्या उभ्या फोनवर टाइप केली, ताईंना पाठवली, ताईंनी तपासून पुढे दिली. सुटलो!

१८ सप्टेंबर

आज सगळ्या कर्मचाऱ्यांचे चालू फोन जमा. नवा घ्या, जुना द्या, सही करा. दरवर्षीचा सोपस्कार. नव्यात सगळं जसंच्या तसं येतं — ही ओळही माझीच आहे.

फोटो आले. गजर आले. निरोप एकही आला नाही.

१९ सप्टेंबर

आज फोन बाजारात. सकाळी चौकात पोचलो तर शोरूमवर अख्ख्या इमारतीएवढा फलक. काळ्यावर पांढरी अक्षरं —

भूतपूर्व. फक्त तुमच्यासाठी.

माझी पाचावर धारण बसली. पुन्हा वाचलं. रस्ता ओलांडून पलीकडून वाचलं, जसं काही पलीकडून "अ" दिसणार होता. भूतपूर्व! म्हणजे माजी! माजी मंत्री, माजी नगराध्यक्ष, माजी फोन!

आणि खाली ही रांग. लोक फलकासोबत फोटो काढताहेत.

लिफ्टमध्ये माझाच अंगठा चुकला असणार. पाहू म्हटलं तर ज्या फोनवर टाइप केलं तो काल जमा! ताईंना विचारावं तर विचारणं म्हणजे कबूल करणं. त्यांच्या टेबलापर्यंत दोनदा जाऊन पाण्याची बाटली भरून परत आलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "पाहिला मी फलक. जाऊ दे. कुणी वाचत नाही रे."

२० सप्टेंबर

खरंच कुणी वाचत नाही.

शोरूमचा विक्रेता सांगत होता, गिऱ्हाईक काउंटरवर येऊन विचारतं, "भूतपूर्वच आहे ना हा? साधा नको." एका बाईंनी तर फिरून फिरून विचारलं, की भूतपूर्वमध्ये निळा मिळेल का. माल संपत आलाय.

घरी हिला फोटो दाखवला. ही एवढी हसली की भांडी घासता घासता ओट्याला टेकली. "अरे, पहिल्यांदा तुझं काहीतरी वाचून मला फोन घ्यावासा वाटला!" मग माझा चेहरा पाहून थांबली. "नोकरीवर येईल का रे?"

येईल. दोघांतला एक ठेवायचाय. कारण शोधायचीही गरज नाही, चौकात इमारतीएवढं लटकतंय.

२२ सप्टेंबर

आज गंमत झाली. गंमत कसली!

घाबरट इंजिनियरनं मला जिन्यात गाठलं. चेहरा पांढराफटक. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"आतलं! मी फक्त एकाच माणसाला बोललो होतो. तुम्ही सरळ फलकावर लावलंत?"

मला काही कळेना म्हणून मी गप्प. माझं गप्प राहणं त्याला भलतंच भारी वाटलं असावं. त्यानंच सगळं ओकून टाकलं. आत गेल्या वर्षीचाच फोन आहे. तोच मेंदू, तीच बॅटरी, तेच सगळं. नवं काही तयार झालंच नाही. पण दरवर्षी आणायची प्रथा, म्हणून कॅमेरा इकडचा तिकडे केला आणि खोकं सडपातळ केलं.

म्हणजे माझ्या चुकीच्या अंगठ्यानं कंपनीच्या इतिहासातली पहिली खरी जाहिरात लिहिली!

२३ सप्टेंबर

वाव साहेबांनी बोलावलं. दार लावलं. स्वतःच्या हातानं चहा ओतला, तेव्हाच ओळखलं की हे वेगळं प्रकरण आहे.

"तू फार हुशार निघालास," म्हणाले. त्यात एकदाही वाव नाही! "फलक आता उतरवता येणार नाही. का उतरवला, विचारतील. तर तुला जे माहीत आहे, ते तुझ्यापाशीच राहू दे. मजकूर विभाग तुझा. प्रमुख म्हणून."

एवढंच म्हणायचं होतं — साहेब, मला काही माहीत नव्हतं, अक्षर गळालं. तोंडात आलं होतं. चहाबरोबर गिळलं.

"आणि ताई?"

"दोघांची गरज नाही," म्हणाले.

मी "बरं" म्हटलं. ताईंसाठी माझ्या तोंडून निघालेला एकुलता एक शब्द.

२४ सप्टेंबर

मान मोडेपर्यंत उंच पाठीची खुर्ची मिळाली आहे. जेवण जात नाही. ही म्हणते, जाऊन खरं सांग. म्हटलं, उद्या.

२५ सप्टेंबर

उद्या.

२९ सप्टेंबर

ताईंचा निरोप समारंभ. वाव साहेबांनी भाषणात त्यांना "अद्वितीय" म्हटलं. म्हणजे कंपनीची तिसरी अद्वितीय.

भेट काय दिली? नवा फोन. ताईंनी खोकं उलटसुलट पाहिलं, त्यावर चिकटवलेल्या जाहिरातीतला शब्द मोठ्यानं वाचला आणि म्हणाल्या, "वा! माणूसही भूतपूर्व, फोनही भूतपूर्व. जोडी जमली." सगळे हसले. हसले त्यांतल्या निम्म्यांना कळलं नव्हतं.

मी टाळ्या वाजवत मागे उभा होतो. जाताना माझ्यापाशी थांबल्या. आता बोलतील, चार शब्द सुनावतील, असं वाटलं. सुनावले असते तर बरं झालं असतं. "ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ रे," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या कॉलरवरचा धागा काढून टाकला.

रस्त्यात आलो आणि फार रडू आलं. फलकाखाली अजून रांग होती.

घरी आल्यावर हिला म्हटलं, ताईंचं नुकसान माझ्या एका अक्षरानं झालं आणि मी त्याच अक्षरावर खुर्ची मिळवली. हिनं माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "मला नको सांगू. त्यांना सांग." मी कूस बदलली. बहुतेक हिनंच ताईंना काहीतरी कळवलंय. मघाशी फोनवर काहीतरी लिहीत होती, कुणाला विचारलं तर टाळलं.

१ ऑक्टोबर

आत्ता जेवताना हिचा फोन वाजला. ताई. नेहमीप्रमाणे घरभर —

"अगं, तुझा निरोप वाचला. जेवत नाही म्हणे तो? वेडा आहे. त्यानं ओळ बरोबरच लिहिली होती. 'अ' मी काढला. माझं जाणं महिनाभर आधीच ठरलं होतं, मला सांगितलंही होतं. म्हटलं, जाता जाता एक तरी ओळ खरी छापून जावी. पण हे त्याच्या कानावर घालू नकोस हं. नाहीतर उद्याच साहेबांपुढे उभा राहून खरं सांगेल आणि हातची खुर्ची घालवून बसेल. ओळखते ना मी त्याला!"

ही फोन हातात धरून माझ्याकडे बघतेय.