बाबांची थप्पी आणि आमची शेगडी

ती. तोरुनताईस,

बोटं वळताहेत तोवर धाकट्या हालवारचा नमस्कार पोचवून घेतो. तुझी पाठ कशी आहे? बर्गेनला पाऊस असेलच, ते विचारत नाही. आम्ही इकडे खुशाल, म्हणजे कानटोप्या घालून जेवतो. आई गेल्यानंतरचा हा पहिला हिवाळा. बाबांचा खोकला हटत नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की म्हाताऱ्याला घरात ऊब द्या, नाहीतर वृद्धाश्रमात हलवा. हे ऐकून बाबांनी त्यांना कॉफीसुद्धा विचारली नाही, यावरून काय ते समज.

बाबांनी स्वतःच्या हातानं बांधलेली ती दगडी फायरप्लेस सगळी ऊब धुराड्यातून कावळ्यांना वाटते, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून तिच्या पोटात बसवायची काचेच्या दाराची लोखंडी शेगडी घ्यायचं सुन्निवानं ठरवलं (मी हो म्हटलं, नवऱ्याचं काम तेवढंच). दुकानात बाबा प्रत्येक शेगडीपुढे खुर्ची ओढून बसले आणि विझलेल्या शेगडीवर हात शेकू लागले. दुकानदार बिचारा लाकूड कसं कमी लागतं, काच कशी काळी पडत नाही, हे सांगून सांगून घसा कोरडा करून बसला. शेवटी एकीला बाबा म्हणाले, "वाईट नाही." आपल्या घरात याहून मोठी स्तुती आजवर कोणाची झालेली नाही, माझी तर नाहीच. तीच घेतली.

बसवायला रीतीप्रमाणे शेजारीपाजारी आले, फुकट, वॉफल आणि कॉफीवर. शेगडी गाभण गाईएवढी जड. पण जड आहे म्हणायची आपल्या गावात कोणाची छाती आहे? उंबऱ्यावर पोचल्यावर शेजारचा गुटोर्म सहज बोलल्यासारखा म्हणाला, जरा कॉफी घेऊया का. झालं. शेगडी दारात, म्हणून दार लागेना. बाहेर उणे अठरा, आणि आत मंडळी हातमोज्यांनी वॉफलवर तपकिरी चीज लावत घर उबदार कसं ठेवावं यावर बोलताहेत. पुढे शेगडी आत गेली तर खोबणीत मावेना. बाबांचं म्हणणं, शेगडी वाकडी. मग कोणी बघत नाहीसं पाहून त्यांनीच छिन्नी घेऊन आपले दगड तासले. पालिकेचा धुराडी तपासणारा माणूस येऊन सगळं ठीक म्हणून गेला.

आता पेटवायची. परसात आपली बर्चच्या सरपणाची थप्पी उभी, गोठ्याएवढी लांब. मी चार लाकडं काढायला गेलो तर बाबा आडवे. "ओली आहेत." तीन वर्षं वाळलेली लाकडं, ताई. मी ओल मोजायचं यंत्र लावून दाखवलं. म्हणाले, यंत्र ओलं असेल. रोज हेच. शेवटी मी पेट्रोल पंपावरून लाकडाची पोती आणली, चादरीखाली लपवून, चोरासारखी. (दारात डोंगराएवढी थप्पी असताना लाकूड विकत आणणारा माणूस आपल्याकडे कामातून गेलेला समजतात.) गुटोर्मनं पाहिलं आणि काही विचारलं नाही. तिथंच मी समजलो, आमचं सरपण संपलं असं त्याला वाटलं. सकाळी दाराशी कोणीतरी गुपचूप लाकडं ठेवलेली, गरिबाघरी ठेवतात तशी. मी लाजेनं अर्धमेला. बाबांनी शांतपणे ती सगळी उचलली आणि थप्पीवर रचून टाकली. पोती संपली आहेत, शेगडी थंडगार आहे, आणि थप्पी तेवढी वाढते आहे.

सर्वांना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा,
हालवार

ता. क. परवा मी चिडून म्हटलं, बाबा, लाकूड जाळायला असतं का पुजायला? तर म्हणाले, "तुझ्या आईनं रचलीय ती. एकदा मोडली की गेली." ताई, आईसारखी थप्पी रचायचा हात फक्त तुझा. तू येऊन एका टोकाला नवी रचत गेलीस, तर दुसऱ्या टोकाची जाळायला त्यांची हरकत नाही, असं ते म्हणाले. पाठीचा पट्टा घेऊन ये, पण ये.

ता. ता. क. हे पत्र बाबांनीच समोर बसून लिहायला लावलंय. सांगताहेत, "मला थंडी वाजते असं लिहू नकोस. तुला वाजते असं लिही."