अण्णा, तुम्हाला मी साहेबांच्या पक्षात घातलं

अण्णा, तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी लिहायला बसलो, ते काही आठवण दाटून आली म्हणून नव्हे. लाज वाटली म्हणून बसलोय. आपल्या मतदारसंघात पुन्हा विधानसभा लागलीय. मोठ्या साहेबांचा मुलगा उभा आहे, त्याला आता सगळे दादा म्हणतात. हे दादा गेल्या शनिवारी इथे दुबईत आले, आपल्या तालुक्यातल्या मंडळींना भेटायला. बर दुबई भागातल्या एका हॉटेलात हॉल घेतला होता. कार्यक्रम ठरवणारा आपल्याकडचाच, जबल अलीला गोदामात मॅनेजर आहे. मला म्हणाला, तुम्हाला सगळं पाठ आहे, तर मतदारसंघाचा इतिहास तुम्हीच सांगा, पाच मिनिटांत खलास.

पाठ असणारच की! आई भाकरी थापायची आणि तुम्ही परातीतल्या पिठात बोटाने मतदारसंघ काढायचात. ही नदी, हे वरचं खोरं, पाण्यावाचून राहिलेलं, आणि हा खालचा पट्टा, साहेबांच्या कारखान्याचा. पुनर्रचनेत वरची गावं शेजारच्या तालुक्याला जोडली तेव्हा तुम्ही तळहाताने अख्खं खोरं पुसून टाकलंत. आई म्हणाली, पुरे झालं राजकारण, पीठ द्या इकडे. सायकलच्या दुकानातही तेच. पंक्चर काढता काढता कोण कुणामुळे पडलं ते सांगायचात. तुम्ही स्वतः जन्मभर पडणाऱ्या बाजूचे, खोऱ्याच्या उमेदवाराचे. दर निवडणुकीला त्याचे एजंट म्हणून बूथवर बसायचात, आणि शेजारच्या बाकावरची साहेबांची माणसं तुमची टिंगल करायची. एकदा साहेबांच्या जीपमधून फेकलेला बिल्ला मी उचलला आणि तुम्ही दिसताच खिशात कोंबला. तुम्ही मारलं नाहीत. "घेतलायस ना? मग छातीवर लाव. लपवतोस कशाला?" एवढंच म्हणालात. मला दिवसभर तुमच्याकडे बघवलं नाही.

तर शनिवारी मी माईकसमोर उभा. पहिल्या निवडणुका, पक्षातली फूट, सगळं झकास जमलं. पहिल्या रांगेत दादा हसून मान हलवतायत. आणि आता आली ती पाण्याची निवडणूक, खोऱ्याच्या पाण्यासाठी तुम्ही लोकांनी साहेबांना घाम फोडला होता ती. दादांच्या तोंडावर हे सांगायचं कसं? माझी जीभच वळेना. आणि मी बोलून गेलो, "माझे वडीलही शेवटपर्यंत मोठ्या साहेबांचेच कार्यकर्ते होते." टाळ्या पडल्या. दादांनी उठून मिठी मारली, शाल घातली, म्हणाले, तुम्ही तर घरचेच निघालात. अण्णा, मला त्यांच्याकडून काहीसुद्धा नको होतं हो. ना जमिनीचं काम, ना कुणाची बदली. निव्वळ भीड. आई म्हणायची ना, भीड भिकेची बहीण. घरी येताना गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, यू नेव्हर टोल्ड मी दॅट." मी शेख झायेद रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालत राहिलो.

व्हिडिओ गावाकडे जाणारच होता. काल काकांचा फोन आला. तुमच्याबरोबर बूथवर बसायचे ते काका, तुमच्यातले तेवढेच उरलेत. म्हटलं, आता चांगली हजेरी घेणार. खरं सांगतो, मला ती हवीच होती. पण त्यांनी पोरीची शाळा विचारली, इथला उन्हाळा विचारला. आवाज फार बारीक झालाय त्यांचा. मग म्हणाले, "पोरा, माझं वय झालं, डोकं चालत नाही. अण्णा शेवटी तिकडे गेला होता का रे? मला कधी बोलला नाही."

मी अल बर्शाच्या या फ्लॅटच्या बाल्कनीत उभा होतो. घरात कुणी नव्हतं. दादा नव्हते, माईक नव्हता. नुसतं नाही म्हणायचं होतं.

"हो काका," म्हणालो.

 ते "असू दे, असू दे" म्हणाले आणि फोन ठेवला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. खरं तर ते काकांना लिहायला हवं होतं. त्यांचा पत्ता आहे माझ्याकडे, आणि त्यांना अजून वाचताही येतं. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.