दोराचं दुसरं टोक

३ मे, गुरुवार

खोकी आली. दोन. एक आतलं मशीन, एक बाहेरचं. तीन मजले चढताना हमालांनी मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असणार.

लगेच लेकीचा फोन. "बाबा, खोकी उघडू नका. परवानावाला माणूस येईल, तोच बसवेल." जन्मभर लोकांकडे एसी बसवले, आणि आता स्वतःच्या घरात हात लावायचा नाही! शिंप्याला बटण लावायची बंदी. माझा परवाना संपून चार वर्षं झाली, हे खरं. नूतनीकरणासाठी नव्या गॅसचं आठवडाभर शिक्षण घ्या म्हणाले. गेलो नाही. या वयात बाकावर बसून कुणाची बोलणी खायची?

बायकोचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. शनिवारी, बारा तारखेला घरी येणार. डॉक्टरांनी बजावलंय — खोली गार हवी, जखमेला घाम नको. मी दवाखान्यात हिला शब्द दिलाय, मशीन मी स्वतः बसवतो म्हणून. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. अजून बोलवत नसेल.

४ मे

लेक नियमांचा कागद ठेवून गेली. चष्मा लावून दोनदा वाचला. आपण काय करावं — भिंतीला भोक पाडावं, आतलं मशीन टांगायची पट्टी ठोकावी. काय करू नये — गॅसच्या नळ्या जोडू नयेत, मीटरपासून वेगळी वायर ओढू नये, बाहेरचं मशीन उंचावर टांगू नये. ते परवानाधारकाचं काम. नाहीतर गॅरंटी गेली, घराचा विमाही गेला. म्हणजे घाम आमचा आणि कौतुक त्यांचं.

६ मे, रविवार

भोक पाडलं. बाहेरच्या अंगाला बोटभर उतार ठेवून, म्हणजे पाणी घरात परत येत नाही. हात विसरलेले नाहीत.

ड्रिलची धूळ नाकात गेली आणि जुने रविवार आठवले. धंदा नवा होता, मदतनीस ठेवायची ऐपत नव्हती. मग लेकीला शेजारणीकडे ठेवून हीच यायची माझ्याबरोबर. मी खिडकीतून बाहेर, अरुंद सज्ज्यावर, कमरेला दोर. दोराचा एक वेढा गिऱ्हाइकाच्या पलंगाच्या पायाला आणि टोक हिच्या हातात. दर दोन मिनिटांनी आतून विचारायची, "झालं का?" मी म्हणायचो, "अगं घाई कसली, यांचा चहा अजून यायचाय." घरातली माणसं हसायची.

काम संपलं की आम्ही दोघं त्या लोकांच्या नव्याकोऱ्या गार हवेत घटकाभर उभे राहायचो. तपासतोय म्हणून सांगायचो. हिचे केस उडायचे. आमच्या स्वतःच्या घरी एक टेबलफॅन, त्यालाही मान वळवायचा कंटाळा. तसं सुख पुन्हा मिळालं नाही. लिहायलाच बसलोय तर लिहूनच टाकतो — त्या दिवसांसाठी जीव तुटतो माझा.

७ मे

खांदा धरलाय. दवाखान्यात हिला भेटायला गेलो होतो, खांद्याचं सांगितलं नाही.

८ मे, मंगळवार

कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे. तांब्याची नळी जोडायची तर आधी तिच्यात नट ओवायचा, मग तिचं तोंड फुलवायचं. फुललेल्या तोंडावरून नट जात नाही. मी नट ओवायला विसरलो. ही शिकाऊ माणसाची पहिल्या आठवड्यातली चूक. या चुकीपायी मी पुढे हाताखाली आलेल्या पोरांना फुलवलेली नळी हातात देऊन दिवसभर उभं केलंय. तोंड कापलं, पुन्हा फुलवलं. समोर बघतो तर नट खिडकीच्या कट्ट्यावर. दुसऱ्यांदा!

मग डोकं फिरलं. नळी आखूड पडत होती. बाहेरून ओढून बघू म्हणून एक पाय खिडकीबाहेर टाकला. दोर नव्हता. असता तरी धरणार कोण? तेवढ्यात लेक तिच्याकडच्या किल्लीने दार उघडून आत आली. ओरडली नाही. पिशवी पोटाशी धरून जमिनीवरच बसली. हळूच म्हणाली, "आई शनिवारी येणार आहे. तिला मी काय सांगू?"

ओरडली असती तर भांडलो असतो. पाय आत घेतला. परवानावाल्यांना फोन मीच केला.

१० मे, गुरुवार

परवानावाला म्हणून आली ती एक पोरगी. तिशीची असेल. सोबत एक जोडीदार. आधी भिंतीत लोखंडी कडी ठोकली, अंगावर पट्टे चढवले, कडीला लोंबकळून बघितलं, आणि मगच खिडकीबाहेर गेली.

भोक बघून म्हणाली, "हे कुणी पाडलं?"

"मी."

"उतार अगदी बरोबर आहे, काका." दिवस सार्थकी लागला. माझी कापाकापी केलेली नळी तिने न बोलता बाजूला ठेवली आणि नवी आणली. तेही माझ्या लक्षात आलं.

नळ्यांतली हवा काढायला तिने अर्धा तास पंप लावला. मी म्हटलं, आम्ही थोडा गॅस सोडून हवा हाकलून द्यायचो. "हा गॅस पेट घेतो, काका." कबूल करायला जड जातंय, पण तिचं काम माझ्यापेक्षा नेटकं आहे.

जाताना तिने विचारलं, "तुम्ही पट्टा कशात अडकवायचात?" मी रंगवून सांगितलं — पलंगाचा पाय, दोर, टोक बायकोच्या हातात. ती हसली नाही.

"काकूंचं वजन किती होतं तेव्हा?" म्हणाली.

हा हिशेब मी कधी केलाच नव्हता.

११ मे

खोली गार झाली. लेक म्हणते, आईला सांगा तुम्हीच बसवलंत, बरं वाटेल तिला. मीही तेच ठरवलंय. दिलेला शब्द मोडला, हे आजारी माणसाला कोणत्या तोंडाने सांगू? आणि भोक तर माझंच आहे.

१२ मे, शनिवार

ही आली. पलंगावर टेकली. मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाहेर चढला होतात?" खोटं ओठांवर आलं होतं, पण बोलता आलं नाही. म्हणालो, "नाही. परवानावाल्या पोरीने बसवलं. तुला दिलेला शब्द मोडला मी."

"सुटले," म्हणाली. "दवाखान्यात रोज तेच डोळ्यांपुढे यायचं. पूर्वी दोर धरायचे ना, तोसुद्धा डोळे गच्च मिटून. तुमच्याकडे एकदाही बघवलं नाही मला."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती बघतेय.